३० सप्टेंबरचा पट

देवगड तालुक्यातील आमच्या माध्यमिक शाळेत लिपिकाचे पद बरीच वर्षे रिक्त असल्यामुळे जनरल रजिस्टर मीच लिहिते. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे किती शिक्षक राहणार आणि कोण अतिरिक्त ठरणार हे त्या एका आकड्यावर अवलंबून असते. गेल्या वर्षी त्या सकाळी आमचा पट होता आठवी ९, नववी ११, दहावी १२.

मधल्या सुट्टीच्या थोडे आधी आंब्याच्या बागेतील एक नेपाळी राखणदार मुलीला घेऊन आला. ती सातवीपर्यंत मालवणकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिकली होती, पण दाखला आणला नव्हता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखल्यावाचून आठवीपर्यंतचा प्रवेश अडवता येत नाही. मी रजिस्टर उघडले. मातृभाषेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'मराठी' आणि मध्येच, चिरेखाणीवरच्या एका मुलापुढे, 'कन्नड'. आडनाव नीट कसे लिहायचे हे मी विचारताच तिने कच्च्या कागदावर वळणदार देवनागरीत ते लिहून दिले, त्याखाली 'नेपाळी' असेही लिहिले आणि विचारले, "बाई, मी खंय बसू?"

याच कपाटातल्या जुन्या रजिस्टरांत एकेका जूनमध्ये दोन-दोन पाने भरलेली आहेत. त्यांतील बहुतेकांचे संसार मुंबईत आहेत आणि त्यांची मुले तिकडच्या शाळांच्या पटावर. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्याच ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. शाळा ओस पडण्याचे खापर केवळ इंग्रजी माध्यमावर फोडणे मला म्हणूनच पटत नाही. जन्मच कमी झाले आहेत, आणि जी मुले नव्याने येतात ती बागांत, खाणींवर राबणाऱ्यांची असतात.

संध्याकाळपर्यंत मी संगणकासमोर बसून होते. मुलीचे आधार कार्ड नव्हते. रजिस्टरात तिचे नाव चढले, पण संचमान्यतेला आधार पडताळणी झालेलीच मुले धरली जात असल्याने तिथला आकडा ३२ वरच राहिला. ज्या मुलीला उद्यापासून शिकवायचे, तिच्यासाठी शिक्षक मोजला जाणार नाही, याचा मला फार त्रास झाला. तिच्या वडिलांना आधार केंद्राचा पत्ता आणि शाळेचे पत्र दिले आहे.

दुपारी मात्र स्वयंपाकीण मावशींनी दारातून विचारले होते, "बाई, आठवीची ताटा किती?"

मी दहा सांगितली.