नाडीचा काच

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस सगळं शिवते, पण गिऱ्हाईक टिकलंय ते परकरांवर. सहा कळ्या, पॉपलीन, नेफ्यात बारीक गोल नाडी. बावीस वर्षं तीच नाडी ओवत आले, कारण बायकांनाच ती हवी असते. बारीक नाडीची गाठ सुटत नाही.

आईचे परकरही मीच शिवते. दिवाळीत पहिल्या अंघोळीला तिला तेल लावायला बसले आणि कितीतरी वर्षांनी तिची कंबर बघितली. सगळीकडून काळा पट्टा, मधे मधे पांढुरकं. आणि उजव्या बाजूला, गाठ मारते बरोबर तिथं, चिंचोक्याएवढी जखम. खपली धरलेली, कडा जराशा वर आलेल्या.

"कधीपास्नं हाय हे?"

"शिमग्यापास्नं असंल. काय न्हाई त्येला, नाडीचा काच हाय. समद्या बायकांना असतोय."

म्हणजे सात-आठ महिने! हळद-खोबरेल झालं होतं, गल्लीतल्या डॉक्टरांकडून मलम आणून झालं होतं. तीन ट्यूबा संपल्या. त्यांनी जखम बघितलीच नव्हती. हिनं नुसतं "खाजतंय" सांगितलं, त्यांनी गजकर्णाचं मलम लिहून दिलं. "बाप्या माणसाला लुगडं सोडून दावू व्हय?" हे वर.

सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग विभागात डॉक्टरीणबाई होत्या, म्हणून आई तयार झाली. त्यांनी जखम बघितली, मग दोन्ही जांघांत बोटांनी दाबून गाठ लागते का ते बघितलं. कंबरेचं दुखणं असताना जांघेत कशाला, मला कळेना. कॅन्सर असला तर आधी तिथं उतरतो, असं त्या शांतपणे म्हणाल्या. माझे हातपायच गळाले.

वर्षानुवर्षं नाडी एकाच जागी रुतते, घाम साचतो, कातडी सोलते, भरते, परत सोलते. सगळ्यांना नाही, पण एखादीला त्याच जागी कॅन्सर होतो. टाटा मेमोरियलच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच धोतराच्या काचानं होणाऱ्या कॅन्सरवर लिहून ठेवलंय म्हणे. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन बायकांच्या केसेस छापल्या. एकीची जखम दीड वर्षाची, दुसरीची दोन वर्षांची, आणि या दुसरीच्या जांघेपर्यंत तो पोचलेला. महिनाभरात न भरणारी जखम मलम लावत बसायची नसते, एवढं डॉक्टरीणबाईंनी आईला दोनदा सांगितलं.

जाता जाता तळवे आणि नखंही बघितली. आपल्या सावळ्या कातडीला उन्हाचा कॅन्सर कमी, पण काळा डाग पसरत जाणारा मेलॅनोमा नावाचा कॅन्सर आपल्याकडं बहुतेक तळव्याला नाहीतर नखाखाली निघतो. जोतिबाला अनवाणी चढणारे आईचे तळवे! भेगांत काय दिसणार, मला वाटलं. पण त्यांनी ओल्या कापसानं पुसून बघितले.

जागा बधिर करून तुकडा काढला. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी एकही परकर शिवला नाही. मशीनवर बसलं की नेफाच दिसायचा. नाडी मीच ओवलेली ना.

कॅन्सर निघाला नाही. औषध आणि ढिली नाडी, सव्वा महिन्यात जखम भरली. तरी दर तीन महिन्यांनी दाखवायला जातो.

आता मी इंचभर रुंद पट्टीची नाडी घालते आणि गाठ रोज वेगळ्या बाजूला मारायला सांगते. म्हाताऱ्या कुरकुरतात. माप घेताना पडदा ओढून विचारते, "मावशी, कंबरेला जखम-बिखम न्हाई न्हवं?" बहुतेक जणी हसतात. परवा वडणग्याची एक मावशी हसली नाही. तिनं गाठ सोडली आणि मान वळवून भिंतीकडं बघत उभी राहिली. डाव्या बाजूला होती.

सोमवारी सुनेला घेऊन येते म्हणालीय. दुकान बंद ठेवून मी सोबत जाणार आहे.