टेबल आहे, पण नाही

गुरुवार, रात्री

आज दिवसभर एकाच एररशी झटापट. रिलेशन "हीटलॉग" डझ नॉट एग्झिस्ट. टेबल डोळ्यांसमोर आहे, प्रत्येक हीटची, म्हणजे भट्टीतल्या एकेका वितळणीची, नोंद त्यात आहे, ओततानाचं तापमानसुद्धा आहे, आणि पोस्टग्रेस, म्हणजे आमचा डेटाबेस, म्हणतंय असलं टेबलच नाही.

काम शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं. आधी सगळं एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसवर होतं. तिथं त्यांच्या सेटिंगमध्ये कॅपिटल-स्मॉलला किंमतच नव्हती, कुणी कसंही लिहिलं तरी खपायचं. पोस्टग्रेसवर आणणाऱ्या टूलनं नावं होती तशी उचलली, एच आणि एल कॅपिटल, डबल कोट्समध्ये. आता कोट्सशिवाय नाव आलं की पोस्टग्रेस ते आधी स्मॉल करतं आणि मग शोधतं. एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेचं स्टँडर्ड खरं तर कॅपिटल करा म्हणतं, ओरॅकल तसंच करतं. पोस्टग्रेसची चाल उलटी. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कची नावांत अंडरस्कोर घालायची सवय आम्ही आधीच बंद केली होती, म्हणून हायबरनेट, म्हणजे जावा कोड आणि डेटाबेस यांना जोडणारं ओआरएम, नाव बरोबर पाठवत होतं, फक्त कोट्सशिवाय. एररमध्ये नाव सगळं स्मॉल छापलं होतं, तीच खूण.

दुपारी आमच्या धाकट्यानं तोडगा आणला. "दादा, ग्लोबली कोटेड आयडेंटिफायर्स म्हणून सेटिंग हाय की. ट्रू करायचं, विषय संपला."

केलं, चाललंही. पण संपतोय कुठला! एका कॉलमचा टाइप आम्ही हातानं लिहिलेला, व्हारचार वीस, म्हणजे वीस अक्षरांपर्यंतचा मजकूर. टेस्टची टेबलं बनवताना हायबरनेटनं त्यालाही कोट्स घातले, आणि असला टाइपच नाही म्हणून पोस्टग्रेस अडलं. त्याला वगळायचं आणखी एक सेटिंग आहे, तेही लावलं. थेट एसक्यूएलमध्ये हातानं लिहिलेल्या नेटिव्ह क्वेऱ्यांना मात्र हायबरनेट हात लावत नाही, त्या तशाच पडल्या.

आणि अकाउंट्सचे काका? ते महिनाअखेरीला रिजेक्शनचा रिपोर्ट स्वतः क्वेरी लिहून काढतात. त्यांनी प्रत्येक कॉलमला डबल कोट घालत बसायचं? विसरले तर कॉलम सापडणार नाही. चुकून सिंगल घातला तर एररही येणार नाही, प्रत्येक ओळीत कॉलमचं नावच छापून येईल. सोय ओआरएमची आणि ताप काकांना, हे मला पटत नाही.

म्हणून मी नावंच बदलायची म्हटलं. सगळं स्मॉल, मध्ये अंडरस्कोर, कोट्सची गरजच नको. रिनेममध्ये डेटा जागचा हलत नाही, फक्त कॅटलॉगमधली, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या यादीतली, नोंद बदलते. लॉक लागतो तेवढ्यापुरता, म्हणून पाळी बदलताना चालवू. इन्फर्मेशन स्कीमातून कॉलमांची यादी काढून ऑल्टरच्या, म्हणजे नाव बदलायच्या, ओळी क्वेरीनंच लिहून घेतल्या. जुन्या नावाला कोट्स लागतात का ते कोट आयडेंट फंक्शन बघतं, आपण डोकं लावायचं नाही. व्ह्यू, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या क्वेऱ्या, मोडत नाहीत, ते टेबल नावानं नाही तर आतल्या नंबरानं ओळखतात. फंक्शनांचा मजकूर मात्र नुसता मजकूर म्हणून साठवलेला असतो, तिथं जुनी नावं तशीच राहणार. उद्या धाकटा ती शोधतोय.

राहिली राखीव शब्दांवरची टेबलं, म्हणजे एसक्यूएलनं स्वतःसाठी ठेवलेला शब्दच ज्यांचं नाव आहे ती. ऑर्डर निदान एरर तरी देतं. हायबरनेटमध्ये बॅकटिक (`) घातला की तो डेटाबेस बघून डबल कोट नाहीतर चौकटी कंस करतो, निभावतं. युजर त्याहून बेरकी. कोट्सशिवाय सिलेक्ट स्टार फ्रॉम युजर चालवलं की पोस्टग्रेस कुरकुर न करता एक ओळ देतं, आणि त्यात आपलंच लॉगिन! काकांनी ते बघून विचारलं, "एवढ्या मोठ्या कारखान्यात एकच माणूस?"

युजरचं ॲप युजर करून टाकलं. ऑर्डरवर वाद चालू आहे. धाकट्याला सेल्स ऑर्डर हवंय, काकांना कस्टमर पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर. शॉप फ्लोअरवर सगळे पीओच म्हणतात, तेव्हा काकांचंच चालणार असं दिसतंय.