हुलीचं खातं: अर्धी स्क्रीन काळी पडली आणि मोजणी जुळली

गेल्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की एमएमएतल्या (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या लढतींतल्या) हुली, म्हणजे मारायचा आव आणून न मारलेले फटके, मोजायची पद्धत पक्की झाली. ती झाली नव्हती. आमच्याच जिममधल्या स्पारिंगचा (सरावाच्या लढतीचा) तीन मिनिटांचा एक राउंड मी गणपतीच्या आधी मोजला होता, तेव्हा ३८ हुली भरल्या. विसर्जनानंतर जुना आकडा न बघता तोच राउंड पुन्हा मोजला, तर ५७. व्हिडिओ तोच, मोजणारा मीच. मग या एकोणीस हुली आल्या कुठून? त्या रविवारी रात्री वही मिटून कपाटात टाकली. बुधवारी परत काढली, आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. म्हणून नोंद लांबणार आहे.

आपला मूळ वाद आठवत असेलच: लांब राहून, जोखून मारणारे फायटर बघायला कंटाळवाणे असतात का? पहिल्या खात्यात मी फक्त लागलेले फटके धरले होते. त्या मापाला ७ मार्च २०२० ची यूएफसी २४८ (यूएफसी ही एमएमएच्या लढती भरवणारी संस्था) फार सोयीची. झांग वेइली आणि योआना येनजेचिक यांनी पाच राउंडांत मिळून ३५१ महत्त्वाचे फटके लगावले. त्यानंतर लगेच, त्याच केजमध्ये (जाळीच्या रिंगणात), इस्रायल अडेसान्या आणि योएल रोमेरो यांचे मिळून ८८. प्रेक्षकांनी दुसऱ्या लढतीची हुर्यो उडवली, आणि माप म्हणालं, बरोबर आहे.

पण हे माप ५ फेब्रुवारी २०११ च्या अँडरसन सिल्व्हा–व्हिटर बेल्फोर्ट लढतीपाशी आपटतं. सुरुवातीची अडीच मिनिटं जवळपास काहीच लागत नाही, आणि तरी मला खुर्चीला पाठ टेकवत नाही. मग सिल्व्हाची समोरची लाथ हनुवटीवर बसते आणि ३:२५ ला लढत संपते. ती नसती बसली तरी ती अडीच मिनिटं मी पुन्हा बघितली असती, हे शपथेवर सांगतो. आणि हाच सिल्व्हा दहा महिने आधी, एप्रिल २०१० मध्ये, अबू धाबीला डेमियन माइयासमोर जिंकला. त्यातले शेवटचे राउंड मला आजवर एकदाही सलग बघवलेले नाहीत. माणूस तोच, तीच सावध ढब. न मारलेले फटके मोजायचं मी ठरवलं ते यावरून.

आता अडचण. हूल म्हणजे नेमकं काय?

खांद्याची हूल सोपी आहे: खांदा उडतो, हात येत नाही. पटाची हूलही सोपी: गुडघे वाकतात, हात समोरच्याच्या मांडीकडे जातो, आता एकेरी पट (एक पाय धरून पाडायचा डाव) निघणार असं वाटतं आणि निघत नाही. पण जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मुद्दाम चार बोटं आखूड टाकला, तर तो जॅब की हूल? पुढच्या पायावर नुसतं डोललं, तर ती लय की हूल? आमचा भांडुपचा डावखुरा (माझा स्पारिंगचा जोडीदार, मागच्या नोंदींत तो येऊन गेलाय) पूर्ण राउंडभर कंबर हलवत असतो. त्याची हरेक हालचाल धरली तर शंभरावर जाईल, सोडली तर तो दगडासारखा उभा होता असं खातं सांगेल.

एकोणीस हुलींचा उगम शेवटी सापडला, आणि तो हत्यारात होता. पहिल्यांदा मी व्हिडिओ नेहमीच्या वेगाने बघून मोजलं होतं. दुसऱ्यांदा एमपीव्ही प्लेअर लावला. त्यात पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाची दाबली की एक फ्रेम मागे. आधीच्या प्लेअरमध्ये मागे जाताच यायचं नाही, त्यामुळे मी या सोयीवर खूश होतो. पण एकेक फ्रेम बघितली की माणसाचा श्वाससुद्धा हुलीसारखा दिसायला लागतो. हूल ही समोरच्याच्या डोळ्यासाठी असते आणि त्याचा डोळा फ्रेम थांबवत नाही. हे मला दोन महिने कळलं नाही. एमपीव्ही उत्तमच आहे, पण लागलेला फटका हातावर बसला की गालावर, एवढं तपासायलाच. हुलीसाठी नेहमीचा वेग.

मोजणीयंत्राचंही सांगून टाकतो, कारण तिघांनी विचारलंय. दादरला फुलबाजाराच्या बाजूला पूजासाहित्याच्या दुकानात नामजपाचं बोटातलं डिजिटल यंत्र मिळतं, ते मी वापरत होतो. स्वस्त आहे, पण दोन हुली लागोपाठ आल्या की दुसरी गिळतं. आता चार आकड्यांचं, पोलादी, टिकटिक वाजणारं घेतलं आहे. बोटाला कळ पूर्ण दाबल्याचं कळतं, डोळे स्क्रीनवर राहतात. दोन घ्या, दोन हातांत दोन.

तर बुधवार. दादरला उतरताना लोकलच्या रॅकवरून बॅग काढली, पट्टा अडकला आणि लॅपटॉप दाराशी आपटला. चालू झाला, पण स्क्रीनची डावी बाजू पूर्ण काळी. लॅमिंग्टन रोडला दाखवला, नवं पॅनेल यायला आठ दिवस लागतील म्हणाले. रात्री जेवणं झाल्यावर, घरचे झोपलेले म्हणून आवाज बंद करून, सवयीने तोच स्पारिंगचा राउंड लावला. कॅमेरा एकाच जागी असल्याने पहिलं पाऊण मिनिट डावखुरा काळ्या भागात आणि उजवीकडे एकटा मी.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की मी किती वेळा दचकतो.

डावखुरा काय करतोय हे दिसतच नव्हतं. दिसत होता तो माझा उजवा हात कोपरापासून खाली जाताना, माझी टाच उचलली जाताना, हनुवटी मागे जाताना. काहीतरी आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं होतं. ती हूल होती की आखूड जॅब, हा प्रश्नच उरला नाही. उत्तर आलं म्हणजे पोचली. नाही आलं तर ती कितीही सुंदर असो, हवेत गेली.

दुसऱ्या दिवशी कालनिर्णयच्या मागचा पुठ्ठा कापला. अर्धी स्क्रीन झाकेल एवढा, वर चिमटा. (घरातला टीव्ही वापरायला मिळाला हे महत्त्वाचं, कारण लॅपटॉप अजून दुरुस्त व्हायचा आहे.) हुली मोजणं सोडून दिलं. फक्त उघड्या माणसाची उत्तरं मोजली: हात हलला, पाय हलला, डोकं हललं. तोच राउंड, माझी बाजू: २२. शनिवारी पुन्हा: २३. रविवारी सकाळी पोहे खाण्याआधी तिसऱ्यांदा: २२. तिन्ही आकडे एकाखाली एक लिहून मी बराच वेळ नुसता बघत बसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा खात्यावर विश्वास बसला.

पुठ्ठ्याचा त्रास एकच, आणि तो मोठा आहे. दोघं फिरतात, बाजू बदलतात, आणि प्रत्येक वेळी पुठ्ठा सरकवावा लागतो. प्रसारणात तर कॅमेराच बदलतो. क्लिंचमध्ये (दोघं एकमेकांना धरून असतात तेव्हा) पद्धत पार कोलमडते, म्हणून क्लिंचचा वेळ वगळतोय.

आता खऱ्या लढतींवर. आकडे अजून देत नाही, कारण प्रत्येक लढत एकदाच मोजली आहे आणि एकदाच मोजलेल्या आकड्याची काय किंमत असते ते वर लिहिलंय. पण जे दिसलं ते सांगतो.

अडेसान्या–रोमेरो, पहिला राउंड. रोमेरो मधोमध हात उंच धरून पुतळ्यासारखा उभा राहतो तोच. मी पहिल्यांदा अडेसान्याला झाकलं. हुली देणारा तो, उत्तरं रोमेरोकडून येणार, अशी माझी खात्री. रोमेरो जवळपास उत्तरच देत नाही. मग पुठ्ठा फिरवला, रोमेरोला झाकलं, आणि तिथे अडेसान्या सतत उत्तरं देताना दिसला: अर्धं पाऊल मागे, हात वर, परत कोन बदल. समोर काहीच करत नाही असं वाटणाऱ्या माणसाला! म्हणजे त्या राउंडमध्ये हूल देत होता तो न हलणारा. सिडनी २००० मध्ये कुस्तीत रौप्य घेतलेला, ख्रिस वाइडमनला उडत्या गुडघ्याने आणि ल्यूक रॉकहोल्डला ठोशाने झोपवलेला माणूस स्वस्थ उभा राहिला, तर ते स्वस्थ उभं राहणंच धमकी असते. हा राउंड मी चार वर्षं कंटाळवाण्यांत टाकत आलो. तो चुकीच्या कप्प्यात होता, मी तो काढतोय. पुढचे राउंड मात्र तिथेच राहतील. अडेसान्याने पायावर लाथा मारून गुण जमवले, रोमेरोने ते चालवून घेतलं, आणि उत्तरं दोन्हीकडून आटली.

फ्रान्सिस एन्गानू–डेरिक लुईस, जुलै २०१८. तीन राउंडांत दोघांचे मिळून २० महत्त्वाचे फटके. पुठ्ठा कोणत्याही बाजूला लावा, उघडा माणूस वाट बघतोय. धाक दोघांकडे भरपूर होता, एका ठोशात काम संपवणारे दोघं. पण कोणी आमिषच टाकलं नाही. एन्गानूने नंतर स्वतः कबूल केलं की आधीच्या पराभवाची भीती तो या लढतीत घेऊन आला होता. स्टीपे मिओचिचकडून तो त्याच जानेवारीत हरला होता.

बापू नाडकर्णींचं १९६४ सालचं मद्रासचं पृथक्करण डोळ्यासमोर आणा: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी नाही. नुसत्या या ओळीवरून सांगता येत नाही की फलंदाज बांधला गेला होता की त्याला खेळायचंच नव्हतं. त्यासाठी फलंदाजाचे पाय बघावे लागतील. माझी गेल्या वर्षीची सगळी खाती म्हणजे गोलंदाजाच्या बाजूचं नुसतं पृथक्करण होतं.

इथे माझ्या स्वतःच्या खेळाचा विषय निघतो. सोमवारच्या स्पारिंगमध्ये मी ठरवून हुली दिल्या, खांद्याच्या, पटाच्या, किकच्या. डावखुऱ्याने व्हिडिओ घरी नेऊन माझ्या बाजूला पुठ्ठा लावून स्वतःची उत्तरं मोजली: ६. मला वाटलं तो थंड डोक्याचा आहे. सरांनी एका वाक्यात सांगितलं, "तू पट काढतच नाहीस, तो कशाला हात खाली आणेल?" मागच्या तीन महिन्यांत मी त्याचा एकदाही पट काढलेला नाही. मग हुलीला धाक येणार कुठून? खात्यात आता तिसरा रकाना वाढवला आहे: हूल ज्या फटक्याची, तो फटका आधी खरोखर लागला होता का. या रकान्यासाठी टायरन वूडली–स्टीफन थॉम्पसनची दुसरी लढत, मार्च २०१७, सर्वांत कठीण जाईल. थॉम्पसन वूडलीच्या उजव्या हाताला इतका जपून होता त्याचं कारण त्या रात्रीत नाहीच. ते दोघांच्या आधीच्या, नोव्हेंबरमध्ये बरोबरीत सुटलेल्या लढतीत आहे. म्हणजे धाक एका लढतीतून दुसरीत वाहून येतो. हा रकाना भरायचा तर मागच्या लढती उघडाव्या लागणार.

लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. आमची मॅट पाच मीटर बाय चार. मोठा केज आडवा ३० फूट, म्हणजे नऊ मीटरच्या वर. छोटा २५ फुटी, त्यात जागा तीस टक्क्यांनी कमी. आमच्या मॅटवर दोन पावलं मागे गेलं की भिंत, त्यामुळे लांबून जोखायची सवय आमच्यात कोणालाच लागत नाही. शिवाय आम्ही १६ औंसाचे ग्लोव्ह्ज घालतो. त्यांच्या आड चेहरा झाकून उभं राहता येतं. ४ औंसांच्या ग्लोव्ह्जमध्ये त्याच फटीतून ठोसा आत येतो. एमएमएतली सावधगिरी या दोन गोष्टींतून आलेली आहे, आणि मी ती जिममध्ये बसून मोजत होतो. तेव्हा पुढच्या आठवड्यापासून पहाटे शिवाजी पार्कला ३० फुटांचा दोर घेऊन जाणार. वर्तुळ आखायचं, फक्त हुली आणि उत्तरं, स्पर्श हलका, आणि मी सुरुवातीला दोन खरे पट काढणार.

नियमांबद्दल, म्हणजे सावध फायटरला घड्याळ लावून मारायला भाग पाडावं का याबद्दल, कारण मागच्या वेळी त्यावर खूप बोलणं झालं. कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो. फ्रीस्टाइल कुस्तीत निष्क्रिय ठरलेल्याला तीस सेकंदांत गुण मिळवावा लागतो, नाहीतर समोरच्याला एक जातो. प्राइडमध्ये (जपानमधली जुनी एमएमए संस्था) पिवळं कार्ड दाखवून मानधनाचे दहा टक्के कापायचे. मी आधी अशा घड्याळाच्या बाजूने होतो. आता नाही. कुस्तीची खडाखडी तीस सेकंदांत संपवता येते, कारण हात हातात असतात. इथे पहिल्या राउंडमध्ये पेरलेली पटाची हूल चौथ्या राउंडमध्ये ओव्हरहँड (वरून फिरवून मारलेला ठोसा) होऊन उगवते. घड्याळ लावलं तर पेरणारेच संपतील. टाळाटाळ नियमांत आधीच फाउल आहे. पंचांनी बघायचं ते एवढंच की समोरच्याकडून उत्तरं येणं थांबलंय का.

पुढचा बेत बदलला आहे. वूडली–थॉम्पसन मागे ठेवतोय. आधी सिल्व्हा–बेल्फोर्टची ती अडीच मिनिटं, बेल्फोर्टच्या बाजूने. मी माझ्या घरी मोजणार, डावखुरा भांडुपला त्याच्या घरी, एकमेकांना न सांगता. तुमच्यापैकी कोणाकडे पुठ्ठा आणि दोन टिकटिकी असतील तर तुम्हीही मोजा, फक्त आवाज बंद ठेवून, कारण समालोचक ओरडला की बोट आपोआप दाबलं जातं. आकडे रविवारी रात्री एकदमच टाकू, जुळोत न जुळोत.