सिंड्रीचं कॉमिक: मधल्या भागाची शाई झाली, लेटरिंग चालू

आधीच सांगते, 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' हा व्हिडिओ गेम शेवटपर्यंत खेळला नसाल तर इथून मागे फिरा. पुढच्याच वाक्यात ब्रोक मरतो, म्हणजे सिंड्रीचा भाऊ. दोघेही बौने लोहार.

टीर या देवाचं सोंग घेतलेला देवांचा राजा ओडिन ब्रोकला सिंड्रीच्याच घरात भोसकतो आणि माझं कॉमिक मुख्यतः त्यानंतरच्या दिवसांचं आहे. सध्याची स्थिती अशी: पहिला भाग रंगवून तयार, मधल्या भागाची शाई नुकतीच पूर्ण झाली, तिसऱ्याची फक्त थंबनेल्स, म्हणजे पानांची छोटी कच्ची रेखाटनं आहेत, आणि तीही बरीच गचाळ.

सगळे खेळाचा नायक क्रेटॉस आणि त्याचा मुलगा ॲट्रियस यांच्यावर कॉमिक काढतात, तू लोहाराच्या मागे का लागलीस, असं विचारणारे आहेत. बाप-लेकाचं दुखणं खेळाने स्वतःच पोटभर बोलून टाकलंय. तिथे माझ्यासाठी फारशी जागा उरलेली नाही. सिंड्रीचं तसं नाही. याआधीच्या, 2018 च्या खेळात कॅमेरा एकदाही कट होत नाही, तो क्रेटॉसच्या पाठीला चिकटलेला असतो. 2022 च्या रॅग्नारॉकमध्येही तेच, फक्त मधूनमधून तो ॲट्रियसकडे जातो. त्यामुळे सिंड्री आपल्याला दिसतो तो या दोघांचं त्याच्याकडे काही काम असतं तेव्हाच. कुऱ्हाड सुधारून दे, चिलखत दे, राहायला घर दे. शिवाय बापाला न सांगता ॲट्रियस भटकायचा, त्यातही हा सोबतीला आणि तोंड मिटून. त्यांची पाठ वळली की सिंड्री काय करतो हे खेळ दाखवतच नाही. आणि ब्रोक गेल्यावर त्याची तक्रार नेमकी हीच असते, की मी देत गेलो आणि तुम्ही घेत गेलात. मला तर वाटतं, त्या घेणाऱ्यांत कॅमेराही आला. कंट्रोलर हातात धरून बसलेले आपणही आलोच.

कॉमिकमध्ये ही सोय आहे की क्रेटॉसला दाराबाहेर ठेवून आत बसता येतं.

पहिला भाग आत्म्यांच्या तळ्याचा. ब्रोक त्याआधीही एकदा मेला होता. सिंड्री आल्फहाइम या दुसऱ्या जगातल्या त्या तळ्यावर जाऊन त्याचा आत्मा घेऊन आला. आत्म्याचे भाग चार, त्याला सापडले तीन. हे त्याने भावापासून लपवून ठेवलं आणि त्या चौथ्या भागावाचून ब्रोकला दुसऱ्या मरणानंतर जायला जागाच उरली नाही. ब्रोकने मरताना त्याला माफ केलं खरं, पण माफी मिळाल्याने सिंड्रीला स्वतःचा हिशेब मिटवता येत नाही. तो ॲट्रियसवर ओरडतो तेव्हा त्या ओरडण्याखाली हे सगळं असतं, पण ते त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं नाही, हा माझा या कॉमिकचा पहिला नियम. दुसरा नियम, फ्लॅशबॅक नाही. पिवळट रंग, गोल कोपऱ्यांची चौकट आणि डोळ्यांत पाणी आलं की वाचकाला कळतं 'हा आघात', आणि तो पान उलटतो. तळं दाखवायचं तर ते त्याच्या वेळी, त्याच्या जागी. मधल्या भागात त्याची सावलीही नको.

मग मधल्या भागात आहे काय? हात.

सिंड्री आठवा. घाणीच्या नुसत्या विचाराने ओकारी येणारा, हातमोज्यांशिवाय कशाला न शिवणारा. त्याच्या शेजारी उघड्या हातांनी धातू हाताळून निळा पडलेला ब्रोक. भाऊ गेल्यावर हाच सिंड्री मळकट दिसायला लागतो. खेळ ते दाखवतो आणि पुढे जातो. मी त्यावर अख्खं पान खर्च केलंय. पानभर फक्त उजवा हात, चेहरा कुठेच नाही. ऐरणीवर ब्रोकची सांडशी पडलेली आहे, दांड्यावर काजळी. सिंड्री एकेका बोटाने मोजा उतरवतो. उघडा हात सांडशीवर ठेवतो, पकड बसत नाही, कारण ती ब्रोकच्या जाड पंजाने झिजलेली आहे. पुढच्या चौकटीत तळव्यावर काजळीचा पट्टा. तो पुसत नाही. शेवटच्या चौकटीत त्याच काळ्या हातावर मोजा परत चढवतो. संवाद नाही, ध्वनीचं अक्षरही नाही.

काजळी कोरड्या ब्रशने काढली, कडा मुद्दाम खरबरीत ठेवल्या. मोज्याची रेघ मात्र सबंध पानात एकाच जाडीची, इस्त्री केल्यासारखी. या दोन रेघा एकमेकींशी भांडल्या पाहिजेत, नाहीतर पान मेलं.

ॲट्रियस दारात येतो त्या पानांवर सर्वात जास्त वाद झाला. जुन्या नॉर्स कथेत हे बौने थोरचा हातोडा घडवत असताना लोकी हा कपटी देव माशी होऊन भाता मारणाऱ्या ब्रोकच्या पापणीला चावतो, म्हणून हातोड्याचा दांडा आखूड राहतो. बौन्यांच्या कारागिरीवर लावलेली पैज लोकी तरीही हरतो. डोकं पणाला लावलेलं असतं, तर म्हणतो डोकं घ्या, मानेला हात लावू नका. मग ब्रोक त्याचे ओठ शिवून टाकतो. खेळातला ॲट्रियस म्हणजे लोकीच. त्यामुळे या पानांवर प्रत्येक चौकटीची कड त्याच्या ओठांवरून जाते. कधी खालची कड नाकाखाली येते, कधी सिंड्रीचा खांदा आडवा. ॲट्रियसच्या वाट्याला एकही बबल, म्हणजे संवादाचा फुगा नाही. एका मैत्रिणीचं म्हणणं, निदान सॉरी तरी म्हणू दे बिचाऱ्याला. नाही. सिंड्रीच्या बाजूने बघितलं तर सॉरी हीसुद्धा मागणीच आहे: आता मला माफ कर, म्हणजे मला बरं वाटेल. फॅन कॉमिक्समध्ये शेवटच्या पानावर मिठी मारायची जी घाई असते, तिचा मला मनापासून कंटाळा आलाय.

रंग दोनच, करडा आणि ब्रोकचा निळा. तो मेल्यावर निळा बंद. भट्टीच्या ज्वाळेत थोडा निळा उरलेला दाखवायचा मोह झाला होता, फार गोड वाटलं, काढून टाकलं.

आता लेटरिंग, म्हणजे पानावर संवादाची अक्षरं बसवणं, कारण देवनागरीत कॉमिक करणाऱ्या प्रत्येकाचं इथे डोकं फिरतं. रोमन कॅपिटल अक्षरं एकसारख्या उंचीची, म्हणून इंग्रजी बबल आटोपशीर बसतात. आपल्याकडे वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं आणि बबल फुगतो. लेटरिंगनंतर बबल आखायचे, आधी नाही. फॉण्ट 'कलम' वापरतेय, हातच्या अक्षराचा आहे आणि लहान आकारातही वाचता येतो. तिरकी अक्षरं टाळते, शिरोरेषा घसरल्यासारखी दिसते. आवाज चढवायचा असेल तर अक्षर जाड करते. काही चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, म्हणून मजकूर इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लावून तिथेच त्याचे आकार करून घेते आणि मग पानावर आणते. कंटाळवाणं आहे, पण 'श्व' सुटा होऊन सगळा राग हास्यास्पद होण्यापेक्षा बरं.

ब्रोकचे बबल किंचित वाकडे, शेपटी आखूड. सिंड्रीचे नीटनेटके लंबगोल, मधल्या भागापासून ते चौकटीच्या कडेला घासतात. कोणाच्या लक्षात येईल की नाही, देव जाणे.

तिसरा भाग स्वार्टाल्फहाइम या बौन्यांच्या जगात होणाऱ्या ब्रोकच्या अंत्ययात्रेचा. तेव्हा ॲट्रियस राक्षसांच्या शोधात आधीच निघून गेलेला असतो, म्हणजे तो तिथे नाहीच. हे खेळात सहज निसटून जातं, मला ते कथेचं बिजागर वाटतं. ब्रोकने घातलेलं कोडं मी घेणार नाही, खेळाने ते इतकं चांगलं सोडवलंय की हात लावण्यात अर्थ नाही. फक्त सिंड्रीचं येणं आणि परत जाणं.

अडलंय ते जळत्या नावेच्या दुहेरी पानावर. निळा बंद आहे, त्यामुळे पाण्यावरची आग नुसत्या करड्यात उठवायची आहे. स्क्रीनटोन, म्हणजे तयार ठिपक्यांची छटा लावली की पाणी छापील दिसतं, शाईचं वॉश, म्हणजे पातळ शाईचा हात दिला की धूर आणि पाणी एक होतात. याआधी कोणी असं काही काढलं असेल तर थर कोणत्या क्रमाने लावले ते सांगा, पुढची शाई त्याच पानापासून सुरू करणार आहे.