चाळीस सेकंदांची नोकरी

आज रविवार, क्लिनिक बंद, त्यामुळे बऱ्याच दिवसांनी इथे लिहायला बसलेय. आठवडाभर डोक्यात एकच विषय, बीएमएक्स, म्हणजे छोट्या सायकलींची मातीतली रेस. कारण आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे ताईच्या मुलाने, आठवीत आहे, जाहीर केलंय की इंजिनिअरिंग वगैरे काही नाही, मी बीएमएक्स रेसर होणार, तेही प्रोफेशनल. ताईचा लगेच मला फोन, तू फिजिओ ना, तूच सांग त्याला हाडं कशी मोडतात ते. म्हणजे त्याच्या डोक्यातलं भूत उतरवायचं काम माझ्याकडे. आता हाडं कशी मोडतात हे माझं रोजचंच आहे, पण म्हटलं सांगायच्या आधी ही माणसं नक्की करतात काय ते तरी बघू, आणि बघायला जी बसले ती रोज रात्री एक वाजेपर्यंत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वीस इंची चाकं, म्हणजे सोसायटीतली पोरं घेऊन फिरतात तेवढीच सायकल, आणि तिच्यावर चांगला दणकट मोठा माणूस. गिअर एकच, ब्रेक फक्त मागे. ऑलिंपिकच्या ट्रॅकला सुरुवातीचा उतार आठ मीटर उंच असतो, जवळजवळ तिसऱ्या मजल्याएवढा. तिथून आठ जण एकदम सुटतात, खाली येईपर्यंत ताशी पन्नास-साठचा स्पीड, मग मातीच्या उंचवट्यांवरून उड्या, बाहेरून उचललेली मोठी वळणं ज्यांना बर्म म्हणतात, आणि साडेतीनशे-चारशे मीटरवर फिनिश. चाळीस सेकंदात खेळ खलास. आमच्या चौकातला सिग्नल याच्यापेक्षा जास्त वेळ लाल असतो.

मला सगळ्यात आवडली ती सुरुवात, ती मी स्लो करून करून पाहिली. पुढचं चाक गेटला टेकवलेलं, दोन्ही पेडल साधारण आडवी, दोन्ही पाय त्यावरच, जमिनीला कुणाचाच पाय नाही, म्हणजे आठही जण तिथे नुसते तोलावर उभे. मग स्पीकरवरून रेकॉर्ड केलेला आवाज येतो, ओके रायडर्स, रँडम स्टार्ट, मग रायडर्स रेडी, वॉच द गेट, आणि मग शांतता. ही शांतता दर वेळी वेगळी असते, ०.१ पासून २.७ सेकंदांपर्यंत कितीही, मशीन ठरवतं, कारण कुणी अंदाज बांधून आधीच सुटू नये. एकदा पहिला बीप आणि लाल दिवा आला की पुढचं मात्र ठरलेलं, पिवळा, पिवळा, हिरवा आणि गेट खाली. त्यामुळे चांगला रायडर गेट पडायची वाट बघतच नाही, पहिल्याच बीपला कंबर पुढे हँडलकडे फेकतो, आणि गेट खाली जातं तेव्हा त्याचं अंग आधीच निघालेलं असतं. एक शतांश इकडेतिकडे झालं तर गेटवर आपटतो नाहीतर मागे राहतो. पहिल्या वळणात जो पुढे, त्याला गाठणं फार अवघड. म्हणजे वर्षभराची मेहनत त्या कंबरेच्या एका झटक्यात. मी दिवसभर लोकांना सांगत असते की उठताना जोर पाठीतून नाही नितंबातून लावा, कुणी ऐकत नाही, या लोकांनी त्याच्यावर आख्खं करिअर उभं केलंय!

घरच्यांचा गैरसमज असा की हा पोरांचा खेळ आहे. सुरुवात तशीच झाली, कॅलिफोर्नियातली पोरं १९७० च्या आसपास मोटोक्रॉसवाल्यांची नक्कल करत मातीत सायकली उडवायची. पण २००८ ला बीजिंगमध्ये ऑलिंपिकला आल्यापासून हा चक्क स्प्रिंटरचा खेळ झालाय, निम्मं आयुष्य जिममध्ये, स्क्वॉट, डेडलिफ्ट, आणि गेट स्टार्टची प्रॅक्टिस पुन्हा पुन्हा. आणि करिअर वाटतं तेवढं छोटं नसतं. फ्रान्सचा जोरिस दोदे २०११ ला वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि ऑलिंपिक गोल्ड मिळालं २०२४ ला पॅरिसमध्ये, ३३ व्या वर्षी. त्या फायनलची तिन्ही मेडल फ्रान्सनेच नेली. कोलंबियाची मारियाना पाहोन, २०१२ गोल्ड, २०१६ गोल्ड, टोकियोत सिल्व्हर, आणि मेदेयीन शहरात तिच्या नावाचा ट्रॅक आहे. चिरंजीवांना ही नावं तोंडपाठ, भूगोलात कोलंबिया कुठे विचारलं तर गप्प.

आता पैसे. जिजूंचा पहिला प्रश्न तोच, पगार कोण देतं? बरोबरच आहे प्रश्न. मी त्यांना बेथ श्रिव्हरची गोष्ट सांगितली आणि ती गोष्ट ऐकून ते जास्तच बिथरले. ब्रिटनची मुलगी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर तिथल्या सरकारी निधीवाल्यांनी ठरवलं की बीएमएक्समध्ये पैसे फक्त पुरुषांना. ही बाई घरी आईवडिलांकडे परत गेली, शाळेत टीचिंग असिस्टंटची पार्टटाइम नोकरी धरली, आणि टोकियोच्या क्वालिफिकेशनसाठी देशोदेशी फिरायला लोकांकडून ऑनलाइन पन्नास हजार पौंड गोळा केले. नंतर थोडी मदत सुरू झाली. आणि ३० जुलै २०२१ ला तिने पाहोनला ०.०९ सेकंदांनी मागे टाकून गोल्ड घेतलं! रेस संपल्यावर पायात इतके गोळे की उभं राहता येईना, टीममधल्या काई व्हाइटने, त्याला त्याच दिवशी सिल्व्हर मिळालेलं, तिला अक्षरशः उचलून घेतलं. जिजू म्हणाले, छान, म्हणजे जगातल्या बेस्ट मुलीला पण वर्गणी काढावी लागते. यावर मला काही बोलता आलं नाही. त्यात पुढचं सांगितलंच नाही की हीच श्रिव्हर पॅरिसमध्ये फायनलपर्यंतची प्रत्येक रेस जिंकली आणि फायनलमध्ये आठवी आली. आठात आठवी.

आपल्याकडे निदान एक रस्ता आहे, तो म्हणजे नोकरी. नेमबाज स्वप्नील कुसाळे बघा, कोल्हापूरकडचा, रेल्वेत नोकरी, इथे पुण्यात बालेवाडीला प्रॅक्टिस, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसचं ब्राँझ. दुसऱ्याच दिवशी तिकडे बीएमएक्सच्या फायनल होत्या, आपल्याकडे घरोघरी अजून स्वप्नीलच चालू होता. रेल्वे, पोलीस, सैन्य यांच्या जिवावर आपले कितीतरी खेळाडू दहा-दहा वर्षं तग धरतात, आणि याला कुणी करिअर म्हणत नाही, नोकरी सांभाळून खेळतो म्हणतात. मला वाटतं उलट आहे, नोकरी खेळाला सांभाळते. पण बीएमएक्सवाल्याला तिकीट तपासायची नोकरी कुठल्या जोरावर मिळणार, आधी मेडल हवं, आणि मेडलसाठी आधी ट्रॅक हवा. बालेवाडीला व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल रेसचा पक्का गोल ट्रॅक, आहे पण ती सायकल वेगळी, तो खेळच वेगळा. आमचे चिरंजीव तळजाई टेकडीच्या पायथ्याशी बांधकामवाल्यांनी टाकलेल्या मातीच्या ढिगावर सराव करतात, आणि ढीग आज आहे उद्या डंपरने नेला.

आणि मग ताईचा प्रश्न, पडला तर. याचं उत्तर फिजिओ म्हणून द्यायचं तर, तर नाही, जेव्हा. कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मोडणं ही या खेळातली नेहमीची गोष्ट आहे, खांद्यावर पडलं की गेली. पुण्यात मला कॉलरबोनचे पेशंट टू-व्हीलरवालेच भरपूर पुरवतात, पावसाळ्यात तर विचारू नका, तेव्हा त्याचं मला एवढं काही वाटत नाही, हाड जुळतं, सहा-आठ आठवडे, मग खांदा मोकळा करायचा. मला भीती मानेची आणि डोक्याची. सॅम विलोबी, ऑस्ट्रेलियाचा, लंडनला सिल्व्हर, रिओहून आल्यावर काही आठवड्यांत प्रॅक्टिसमध्ये पडला आणि मानेला मार लागून चालणंच गेलं. येले व्हान गोरकोम, रिओचं सिल्व्हर, २०१८ ला ट्रेनिंगमध्ये पडून कोमात. कॉनर फील्ड्स, रिओचं गोल्ड, टोकियोच्या सेमीफायनलमध्ये पडला, मेंदूत रक्तस्राव, पुढे रेसिंग बंद. हे कुणी नवशिके नाहीत, रिओ फायनलमधला पहिला आणि दुसरा आहे हा! हे मी ताईला सांगितलं, पोरासमोर सांगितलं, त्याच्यासाठीच सांगत होते. त्याला सगळं माहीत होतं. मलाच म्हणाला, मावशी, काई साकाकिबाराचं वाचलंस का.

वाचलं. दोन भावंडं, ऑस्ट्रेलियाची, काई मोठा, साया धाकटी, दोघंही ऑलिंपिकच्या तयारीत. फेब्रुवारी २०२० मध्ये बाथर्स्टच्या वर्ल्ड कपला काई पडला, मेंदूला जबर इजा, कितीतरी आठवडे कोमात, मग चालायला बोलायला नव्याने शिकणं. हे काय असतं ते मला माहितेय, पहिल्यांदा चमचा तोंडापर्यंत नेता येतो त्या दिवशी नातेवाईक कॉरिडॉरमध्ये जाऊन रडतात. आणि ही बहीण त्याच खेळात पुन्हा गेटवर जाऊन उभी राहिली. टोकियोत सेमीला पडली. डोक्याला मार लागून पुढे पण त्रास होत राहिला, सोडून द्यावं असंही मनात येऊन गेलं. आणि २०२४ ला पॅरिसमध्ये गोल्ड, भाऊ स्टँडमध्ये. तिचा जोडीदार रोमँ माहियू पण बीएमएक्सवालाच, त्याला त्याच रात्री ब्राँझ. काई आता रोइंग करतो, पॅरा खेळाडू म्हणून.

मी त्या मुलीपेक्षा जास्त त्यांच्या आईचा विचार करत होते. एक मूल हॉस्पिटलमधून आणलंय आणि दुसरं म्हणतंय मी प्रॅक्टिसला चालले. विलोबीचं पण तसंच, त्याची बायको अलीस, तीही रेसर, रिओला सिल्व्हर, नवरा व्हीलचेअरवर गेल्यावर तिने खेळ सोडला नाही, तोच तिचा कोच झाला आणि ती वर्ल्ड चॅम्पियन झाली. दर वेळी ती गेटवर उभी राहते तेव्हा त्याच्या मनात काय चालत असेल! म्हणजे सगळीकडे बघा, गेटवर एक जण दिसतो पण करिअर करत असतं आख्खं घर, कुणी पैसे घालतंय, कुणी गाडी चालवतंय, कुणी रात्री जागतंय. आणि हे मोठ्यांनी ठरवायचं आहे, तेरा वर्षांच्या पोराने काय ठरवायचं, त्याला फक्त उडायचंय.

काल तळजाईला गेले मी त्याच्याबरोबर, ताईला न सांगता. ढिगावर चढवतो, वरून सोडतो, आणि पुढचं चाक उचलून फक्त मागच्या चाकावर दोन उंचवटे पार करतो, मॅन्युअल म्हणतात त्याला, पेडल मारायचं नाही, नुसतं कंबर मागे आणि गुडघ्यांनी चढउतार गिळायचे. एकदा जमलं, एकदा नाही. नाही जमलं तेव्हा नीट पडला, हात पुढे टेकवला नाही, गोळा होऊन लोळला. हे कुणी शिकवलं विचारलं तर म्हणे व्हिडिओ बघून. माझे अर्धे पेशंट मनगट मोडून येतात ते हात पुढे टेकवल्यामुळे. मग सायकल बघितली, मागचा ब्रेक सैल, हँडलचं रबर फाटून आतली नळी उघडी, डोक्यावर वडिलांचं जुनं स्कूटरचं हेल्मेट, हनुवटीचा पट्टा लोंबतोय. तिथेच क्लिनिकची टेप काढून डोक्याचा घेर मोजला.

संध्याकाळी ताईकडे सगळ्यांची मीटिंग. भूत काही मी उतरवलेलं नाही, हे ताईला कळलंय, थोडी फुगलीय. दहावीपर्यंत शाळा बुडवायची नाही, ढिगावर एकटं जायचं नाही, डोक्याला काही लागलं तर लपवायचं नाही आणि मी ओके म्हणेपर्यंत सायकल बंद, यावर सही घेतली त्याच्याकडून, खरंच कागदावर. जिजू हेल्मेटची किंमत बघून म्हणाले, एवढ्यात नवी सायकल येईल. फुल फेसच घ्यायचं यावर मी अडून बसले. शेवटी अर्धे पैसे माझे, अर्धे त्यांचे, ग्लोव्हज आणि गुडघ्याचे पॅड आजीने कबूल केलेत. आजीला अजून कुणी रेसचा व्हिडिओ दाखवलेला नाही, तिला वाटतंय नातू सायकलवरून शाळेत जाणार आहे.