मावशींच्या पिशवीतलं पाच रुपयांचं नाणं

नवरात्र संपलं की आमच्या बँकेच्या शाखेत चिल्लरीच्या पिशव्या यायला लागतात. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळासमोरच्या महाद्वार रोडवर ओटी, वेण्या, हळदी-कुंकू विकणाऱ्यांचा भरणा आमच्याकडे असतो. दहाची नाणी हमखास असतात, कारण ‘चालत नाही’ म्हणून बाजारात ती कुणी घेत नाही. दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चलनात आहेत, हे रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्ये जाहीर केलं, तरी काउंटरवर अजून तोच वाद होतो.

बाकीच्यांना चिल्लर मोजायचा कंटाळा येतो, मला येत नाही. चालू नाण्यांतली दुर्मीळ नाणी जमवायचा मला नाद आहे, आणि त्याला कॅश काउंटरसारखी जागा नाही. एखादं नाणं हवं असलं की शाखाधिकाऱ्यांना दाखवायचं, खिशातले तेवढेच पैसे गल्ल्यात टाकायचे, की ते आपलं.

दसऱ्यानंतर गजरेवाल्या एक मावशी आल्या. पिशवी काउंटरवर ठेवली, पण डाव्या मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं.

“सायेब, भरणा मागनं करतो. आदी माझ्या खात्यातनं चौदा हजार काढून द्या.”

“मावशी, मधेच एवढे पैसे कशाला?”

त्यांनी मूठ उघडली. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, 2012 सालचं. “ह्येचं धा लाख द्यायलेत. रिझर्व बँकेचा सायेब हाय मुंबईचा. काल रजिस्टर करायला पोरानं फोनवरनं अकराशे पाठवलं. आता जीएसटीचं भरलं की सांजच्याला पैसं जमा हुत्यात.”

मला धस्स झालं. चौदा हजार म्हणजे मावशींची अख्ख्या नवरात्राची कमाई. काउंटर शेजारच्या सहकाऱ्याकडे दिला आणि त्यांना आत नेऊन बसवलं. शाखाधिकाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेचं 4 ऑगस्ट 2021 चं निवेदन काढलं आणि मराठीत समजावून सांगितलं: जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात बँक पडत नाही, कसली फी मागत नाही, आणि तसे अधिकारही तिनं कुणाला दिलेले नाहीत. मावशींनी मान डोलावली, पण मूठ सोडली नाही. कागद वाचून दाखवल्यानं दहा लाख मनातून जात नाहीत.

शेवटी मी त्यांचीच पिशवी टेबलावर ओतली. “मावशी, हे नाणं खरंच दुर्मीळ असेल तर तुमच्या या ढिगात दुसरं सापडायला नको. बघूया का?”

दोघंही पाचची नाणी वेगळी काढत बसलो. थोड्या वेळानं मावशींनीच एक उचललं, वैष्णोदेवीचं. मग मला एक मिळालं. तिसरं त्यांना दिसलं तेव्हा त्यांनी हातातलं पहिलं नाणं गुपचूप ढिगात टाकलं. मला जे सांगायचं होतं ते त्यांना त्यांच्याच चिल्लरीनं पटवलं.

“मग दुर्मीळ कुठलं म्हनायचं?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला फार आवडला. मी भिंग काढून सालाखालची खूण दाखवली. छोटा चौकोनी हिरा असला तर नाणं मुंबईच्या टाकसाळीचं, चांदणी असली तर हैदराबादचं, गोल ठिपका असला तर नोएडाचं, आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं. एकाच सालचं, एकाच किमतीचं नाणं एका टाकसाळीनं भरमसाट पाडलेलं असतं, दुसरीनं थोडंच. ब्रिटनमध्ये हे आकडे जाहीर होतात. तिथलं 2009 सालचं, लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाचं 50 पेन्सचं नाणं फक्त 2,10,000 पाडलं होतं. पुढे 2023 सालच्या सॅमन माशाच्या नाण्यानं 2,00,000 वर येऊन त्यालाही मागं टाकलं. लोक तिथं सुट्टे घेतानाच नाणं उलटून बघतात. आपल्याकडे टाकसाळवार आकडे असे सहज हाताशी नसतात. ढीगच्या ढीग हाताखालून घालायचे, काय सारखं येतं आणि काय येतच नाही हे बोटांना कळू द्यायचं, हाच अभ्यास.

बोलता बोलता हाताला एक जड नाणं लागलं. आताची पाचची नाणी 6 ते पावणेसात ग्रॅमची असतात. तांबं-निकेलचं जुनं जाड नाणं 9 ग्रॅमचं, कडेला मधोमध खाच असलेलं. ती नाणी हल्ली चिल्लरीत क्वचितच येतात. उलटं करून बघितलं: 1996, दुसऱ्या आंतरराष्ट्रीय पीकविज्ञान परिषदेचं. ही परिषद दिल्लीत झाली होती, तिचं हे स्मारक नाणं. आमच्या गल्ल्यातून ते कधी गेल्याचं मला आठवत नाही, आणि मी लक्ष ठेवून होतो! कडा थोड्या झिजलेल्या, पण साल आणि अक्षरं स्वच्छ.

“ह्येचं किती?”

“लाख सोडा मावशी, हजारसुद्धा नाही. हौशी माणूस काहीशे देईल. पण हे खरोखर कमी दिसणारं आहे.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ‘मुंबईचे साहेब’ घाई करत होते. शाखाधिकाऱ्यांनी फोन घेऊन नाव आणि विभाग विचारला, तसा तिकडून कट झाला. आम्ही लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करून अकराशेची तक्रार नोंदवली, आणि मावशींच्या मुलाला बोलावून पोलीस ठाण्यात पाठवलं. ते पैसे अजून परत आलेले नाहीत. चौदा हजार मात्र खात्यात आहेत.

पीकविज्ञानाच्या नाण्याला मी तीनशे देऊ केले. मावशी म्हणाल्या, “देवीच्या दारात आलंय, न्हाई इकायचं.” मला ते हवं होतं, फार हवं होतं, पण नाणं त्यांचं होतं. मी ते कागदात गुंडाळून दिलं आणि घासायचं नाही, चिंच लावायची नाही, असं बजावलं. चकाकी आणायच्या नादात चांगल्या नाण्यांची किंमत जाते.

परवा सुट्टीच्या दिवशी त्यांच्या दुकानावरून जात होतो, तर त्यांनी हाक मारली. प्लास्टिकच्या डबीत जाड पाचची नाणी वेगळी काढून ठेवलेली. त्यांत 1995 च्या जागतिक तमिळ परिषदेचं, तमिळ संतकवी तिरुवल्लुवरांचं एक निघालं. ते त्यांनी मला विकलं. मी शंभर म्हणालो, त्या दोनशेवर अडून बसल्या, आणि दीडशेला सौदा ठरला.