काउंटीतील वॉरंटची सार्वजनिक नोंद कशी शोधावी

आपल्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर वॉरंट निघाले आहे का, हे अमेरिकेत कसे तपासावे, असा प्रश्न ओळखीची मराठी मंडळी मला अधूनमधून विचारतात. बहुतेक वेळा त्यामागे वाहतुकीचे एखादे जुने चलान असते: दरम्यान घर बदललेले असते, कोर्टाची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, तारखेला कुणी हजर राहत नाही आणि न्यायाधीश गैरहजेरीबद्दल बेंच वॉरंट काढतात. असे वॉरंट सहसा आपोआप संपत नाही. ते बजावले जाईपर्यंत किंवा कोर्टाने मागे घेईपर्यंत तसेच राहते आणि पुढे कधीतरी रस्त्यावर पोलिसांनी गाडी थांबवली की समोर येते. म्हणून हा शोध वेळेवर आणि नीट घेतला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे सर्व वॉरंटांची एकच देशव्यापी यादी सामान्य माणसासाठी उपलब्ध नाही. एफबीआयची एनसीआयसी ही यंत्रणा 1967 पासून चालू आहे आणि तिच्यात देशभरातील वॉरंटांच्या नोंदी असतात, परंतु ती पोलीस आणि न्याययंत्रणेपुरतीच आहे, आणि किरकोळ प्रकरणांतील सगळीच वॉरंटे तिच्यात जातात असेही नाही. देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या, म्हणजे राज्यांचे जिल्ह्यासारखे विभाग, आहेत (लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो), आणि नोंदी ठेवण्याची रीत काउंटीगणिक बदलते. त्यामुळे नाव टाइप करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर हाताशी हवे: प्रकरण नेमके कोणत्या कोर्टात आहे?

इथेच पुष्कळ जण चुकीच्या दारात जातात. चलान शहराच्या पोलिसांनी दिले असेल, तर प्रकरण बहुधा शहराच्या म्युनिसिपल कोर्टात असते, आणि काउंटीच्या शोधपानावर त्याचा मागमूसही नसू शकतो. मिसुरीमधील सेंट लुइस काउंटीत अशी डझनावारी शहर कोर्टे होती. त्यांपैकी एकट्या फर्ग्युसनच्या कोर्टाने काढलेली अटक वॉरंटे डिसेंबर 2014 मध्ये 16,000 हून अधिक लोकांच्या नावावर प्रलंबित होती, असे न्याय विभागाच्या मार्च 2015 च्या अहवालात नोंदवले आहे. त्या शहराची लोकसंख्या साधारण 21,000 होती. म्हणून चलानाच्या कागदावर छापलेले कोर्टाचे नाव शब्दशः वाचावे. फेडरल प्रकरण असेल तर काउंटीचा संबंधच येत नाही. ते पेसर या फेडरल कोर्टांच्या व्यवस्थेत पाहावे लागते. तिथे एका पानाला 10 सेंट लागतात आणि तिमाहीचा खर्च 30 डॉलरपर्यंत असेल तर शुल्क माफ होते.

काउंटीच्या पातळीवर मुख्य ठिकाणे दोन. पहिले शेरीफचे, म्हणजे काउंटीच्या मुख्य पोलीस अधिकाऱ्याचे, कार्यालय, कारण वॉरंट बजावण्याचे काम बहुतेक ठिकाणी त्याच्याकडे असते, आणि कित्येक शेरीफ आपल्या संकेतस्थळावर प्रलंबित वॉरंटांचा शोध किंवा यादी देतात. दुसरे कोर्टाच्या क्लर्कचे कार्यालय, जिथे खटल्याची मूळ फाइल असते. काही राज्यांनी काम सोपे केले आहे: युटामध्ये राज्यभरातील वॉरंटांचा शोध एकाच ठिकाणी घेता येतो, तर विस्कॉन्सिन आणि मेरिलँड येथे राज्याच्या न्यायव्यवस्थेचे खटला-शोध आहेत. फ्लोरिडाचा राज्य पोलीस विभागही 'पाहिजे असलेल्या' व्यक्तींचा शोध देतो, मात्र वॉरंट आजही चालू आहे याचा पुरावा म्हणून ती नोंद धरू नये, अशी सूचना तो सोबतच देतो. ही सूचना सगळ्याच शोधपानांना लागू आहे असे समजून चालावे.

आपल्या नावांचा प्रश्न वेगळा आणि त्रासदायक आहे. चलानावरचे नाव वाहनपरवान्यावरून उतरवले जाते. आपल्यापैकी अनेकांच्या पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव पहिल्या नावाला जोडूनच आलेले असते, आणि परवान्यावर ते कधी मधले नाव होते, कधी पहिल्या नावाचा भाग राहते, तर कधी जागा अपुरी पडल्याने अर्धेच छापले जाते. म्हणून आधी फक्त आडनाव आणि जन्मतारीख घालून शोधावे, मग पहिले नाव, मग नाव-आडनावाची अदलाबदल करून, आणि आडनावाची स्पेलिंग दोन-तीन प्रकारे होत असेल तर तीही करून पाहावी. उलट बाजूने, जोशी किंवा पाटील अशा आडनावाचा कुणी सापडला तर जन्मतारीख जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. मुळात खटला क्रमांक हाताशी असेल तर नावाच्या वाटेला जाऊच नये.

खटला सापडला की डॉकेट, म्हणजे खटल्याचा रोजनामा, तारखेच्या क्रमाने शेवटपर्यंत वाचावा. समजा, एका तारखेसमोर 'एफटीए' अशी तीन अक्षरे आहेत, म्हणजे आरोपी हजर नव्हता. त्याखाली 'बेंच वॉरंट इश्यूड' आणि जामिनाची रक्कम आहे. इथवर वाचून अनेकांचा धीर सुटतो. पण आणखी चार ओळी खाली 'रिकॉल्ड' किंवा 'क्वॅश्ड' असे असेल तर ते वॉरंट कोर्टाने मागे घेतले किंवा रद्द केले आहे, आणि 'सर्व्ह्ड' किंवा 'रिटर्न्ड' असेल तर ते बजावून किंवा न बजावताच कोर्टाकडे परत आले आहे. टेक्ससमध्ये 'केपियस' हा शब्द दिसला तर तोही अटकेचाच आदेश असतो. अर्थ लागत नसेल तर क्लर्कच्या कार्यालयात फोन करून खटला क्रमांक सांगावा आणि शेवटची नोंद कोणती आहे ते विचारावे. तेथील कर्मचारी कायदेशीर सल्ला देऊ शकत नाहीत, पण नोंदीत काय लिहिले आहे ते सांगतात.

पडद्यावरची नोंद म्हणजे वॉरंट नव्हे, हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. 2004 साली अलाबामातील कॉफी काउंटीत हेरिंग नावाचा माणूस जप्त झालेल्या आपल्या वाहनातून काही वस्तू न्यायला आला. तिथल्या अधिकाऱ्याने वॉरंटची चौकशी केली. स्वतःच्या काउंटीत काही नव्हते, म्हणून शेजारच्या डेल काउंटीला फोन गेला. तिथल्या संगणकात वॉरंट चालू दिसत होते. प्रत फॅक्स करण्यासाठी कर्मचारी कागद शोधू लागली तेव्हा तो मिळेना, कारण ते वॉरंट पाच महिन्यांपूर्वीच मागे घेतले गेले होते. तसे कळवणारा फोन दहा-पंधरा मिनिटांत आला, पण तोवर अटक आणि झडती दोन्ही झाली होती. झडतीत सापडलेला पुरावा वापरता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. जी चूक यंत्रणेची होती, तिचे परिणाम त्या माणसाला भोगावे लागले.

काही नोंदी दिसणारच नाहीत. झडतीचे वॉरंट साधारणपणे बजावले जाईपर्यंत उघड होत नाही, काही अटक वॉरंटेही तोवर सीलबंद असतात, आणि अल्पवयीनांची प्रकरणे बहुतांशी गोपनीय असतात. म्हणून 'काही सापडले नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा होत नाही. प्रत मागायची असेल तर 1966 चा माहिती स्वातंत्र्याचा फेडरल कायदा इथे उपयोगी पडत नाही, कारण तो फेडरल कार्यकारी खात्यांपुरता आहे. शेरीफकडे अर्ज त्या त्या राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली करावा लागतो आणि कोर्टाच्या फायलींसाठी कोर्टाचे स्वतःचे नियम असतात.

पैसे घेऊन 'सर्व वॉरंट एका क्लिकवर' दाखवणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. त्यांची माहिती शिळी असते आणि एकाच नावाची माणसे त्यात सहज मिसळतात. भाडेकरू किंवा नोकर निवडण्यासाठी अशी माहिती वापरायची असेल तर 1970 चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायदा लागू होतो, हे घरमालकांनी विशेष लक्षात ठेवावे. आणि 'ज्युरी ड्युटी चुकवलीत, वॉरंट निघाले आहे, गिफ्ट कार्डाने पैसे भरा' असा फोन आला तर तो सरळ बंद करावा. कोणतेही कोर्ट गिफ्ट कार्डाने दंड घेत नाही, आणि ज्युरीवर, म्हणजे खटल्यात निवाडा देणाऱ्या नागरिकांच्या पंचमंडळावर, बसण्यासाठी अमेरिकी नागरिकत्व लागते. व्हिसावर राहणारी मंडळी अशा फोनने अधिक घाबरतात आणि पैसे पाठवून बसतात, याचे मला फार वाईट वाटते.

वॉरंट खरोखरच असेल तर विचारपूस करायला शेरीफच्या खिडकीवर स्वतः जाऊ नये, कारण तिथेच अटक होऊ शकते. फौजदारी वकिलाकडून अर्ज करून वॉरंट मागे घेण्यासाठी तारीख मिळवावी, आणि व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलालाही आधी विचारावे. दंड भरण्याची ऐपत नसेल तर तसे कोर्टाला स्पष्ट सांगावे. ऐपतीची चौकशी केल्याशिवाय केवळ दंड थकला म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे 1983 च्या बेअर्डन खटल्यात ठरले आहे.

वॉरंट रद्द झाल्यावर त्या आदेशाची प्रमाणित प्रत क्लर्ककडून लगेच घ्यावी आणि गाडीत ठेवावी. फीनिक्समधील इव्हान्स याला 1991 साली पोलिसांनी अटक केली, तेव्हा त्याचे वॉरंट रद्द होऊन 17 दिवस झाले होते, पण संगणकातून ते निघाले नव्हते. काही दिवसांनी शेरीफच्या शोधपानावर स्वतःचे नाव पुन्हा घालून पाहावे आणि नोंद तशीच दिसत असेल तर प्रमाणित प्रत जोडून वॉरंट विभागाला वकिलामार्फत लेखी कळवावे.